पहिल्या बाळंतपणाआधी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत निपाणीच्या माझ्या गायनवर्गातील मुलींनी ‘संगीत शारदा’मधील चार पदे बसविली होती. कार्यक्रम घरगुतीच. तंबाखूच्या एका जुन्या वखारीची रिकामी झालेली पडवी, चार सतरंज्या आणि शंभरएक माणसे. पदे बरी झाली. शेवटी पुढच्या रांगेतील एका वयोवृद्ध गृहस्थांनी उठून दोन शब्द सांगितले. देवलांनी १८९९ साली हे नाटक रंगभूमीवर आणून समाजाची झोप उडविली, आज ती दुष्ट चाल उरली नाही हे आपले भाग्य, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सर्वांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. माझे लक्ष मात्र शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेल्या एका मुलीकडे होते. तिच्या मांडीवर सात महिन्यांचे मूल झोपले होते. दोन वर्षांपूर्वी हीच पदे तिने म्हटली होती, आणि तिच्याइतकी चांगली यंदा कोणालाच म्हणता आली नाहीत. तिला अठरा वर्षे नुकतीच पुरी झाली आहेत.

‘शारदे’त आणि या मुलीच्या गोष्टीत एक फरक आहे, आणि तो आपल्या सोयीचा आहे. नाटकात भुजंगनाथ आहे. पैलतीरी पाय लागलेला थेरडा बोहल्यावर चढायला निघाला म्हटल्यावर प्रेक्षकाला कोणाचा राग करावा हे शिकवावे लागत नाही. या मुलीचा नवरा चोवीस वर्षांचा आहे. कागलच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो, सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही. तिच्या आईच्या सख्ख्या भावाचा मुलगा. लग्न ठरले तेव्हा आई मला सांगायला आली होती. “परक्यात न्हाई दिली सर, माझ्या भावाकडंच दिली. गाणं सोडू देणार न्हाईत तिचं.” ती खोटे बोलत नव्हती. त्या घरात तिचा छळ झाला नाही, कोणी तिला उपाशी ठेवले नाही. सतरा वर्षे पुरी झाली आणि पाचच महिन्यांत ती आई झाली, एवढेच झाले. बोट दाखवायला भुजंगनाथच नसल्यामुळे या गोष्टीवर कोणी नाटक लिहीत नाही.

मी गाण्याचा मास्तर. संततिनियमनासारख्या विषयावर मी लिहावे काय, असे घरातही विचारून झाले. परंतु आमच्या धंद्यात मुलींचा श्वास रोज ऐकावा लागतो. बाळंतपणानंतर ही मुलगी पुन्हा वर्गात आली तेव्हा मध्य सप्तकाचा षड्ज तिला चार मात्रासुद्धा धरवेना. पूर्वी ती सोळा मात्रा सहज धरीत असे. अंगात रक्त नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्याचे कळले. पुढचे मला समजणे शक्य नव्हते. ते तिने माझ्या पत्नीला सांगितले, आणि तिच्या परवानगीने मी येथे लिहितो आहे.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी तिने धीर करून गावातल्या आरोग्यसेविकेला गोळ्यांविषयी विचारले होते. तिला परीक्षेला बसायचे होते, आणि मूल दोन वर्षे थांबावे असे नवऱ्यालाही वाटत होते. बाईंनी गोळ्या नाकारल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या आणि पाकीट सासूच्या हातात देऊन गेल्या. वाईट हेतू नव्हता. घरातल्या मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय नव्या सुनेच्या हातात काही द्यायचे नाही, अशी गावाची रीत. सासूने ते पाकीट देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवले. “पहिलं एक होऊ दे, मग काय ते कर,” एवढेच ती म्हणाली. पाकीट अजून तेथेच असेल.

आता त्या पाकिटाची किंमत काय होती ते पाहा. ‘माला-एन’ या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. निरोध फुकट मिळतो. तांबी बसविण्याचे पैसे पडत नाहीत. २०१७ सालापासून तीन महिन्यांतून एकदा घेण्याचे ‘अंतरा’ हे इंजेक्शन आणि ‘छाया’ ही आठवड्याची गोळी सरकारी दवाखान्यांत विनामूल्य देण्यास सुरुवात झाली. ही ‘छाया’ लखनौच्या आपल्याच सरकारी संशोधनशाळेत शोधली गेलेली गोळी आहे. २०११ पासून आशाताईंनी ही साधने घरपोच द्यावीत अशी योजना आली आणि घरी आणून देण्याबद्दल रुपया-दोन रुपये ठरले. एका विडीबंडलाहून कमी किंमत. तेव्हा पैशाअभावी आमची मुलगी अडली, असे म्हणता येणार नाही. वस्तू घरात आली होती, ती देव्हाऱ्यावर अडली.

आपल्याकडे कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला १९५२ साली. सरकारी पातळीवर इतक्या लवकर हे काम हाती घेणारे देश फार थोडे. परंतु आपल्या मनात ‘मोफत’ या शब्दाला आजही एकच चित्र चिकटलेले आहे, ते ऑपरेशनच्या टेबलाचे. २०१९-२१ या वर्षांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कर्नाटकात विवाहित स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. पुरुषांचा आकडा शून्याच्या आसपास, त्याविषयी न बोललेले बरे. म्हणजे साधने वापरणाऱ्या दहांपैकी आठ स्त्रियांचे साधन ‘आता पुरे’ म्हणण्याचे आहे, ‘अजून नको’ म्हणण्याचे नव्हे. सतराव्या वर्षीच्या मुलीला शस्त्रक्रियेचा काय उपयोग? तिला पूर्णविराम नको, स्वल्पविराम हवा असतो. आमची व्यवस्था तिची विचारपूस पहिल्या बाळंतपणानंतर सुरू करते. मग मात्र मनापासून करते, हेही कबूल केले पाहिजे. या मुलीला प्रसूतीनंतर दवाखान्यातच, तिला विचारून, तांबी बसविण्यात आली. एका नर्सबाईंनी पाच मिनिटे पडद्याआड बसून तिला सर्व समजावले. तीच पाच मिनिटे दीड वर्ष आधी कोणी दिली असती तर, असे माझ्या मनात राहून राहून येते.

त्याच पाहणीत आणखी एक जोडी आहे. कर्नाटकात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये शेकडा २१.४ होते, २०१९-२१ मध्ये ते २१.३ झाले. जागचे हलले नाही म्हणा ना. परंतु पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी आई झालेल्या वा गर्भार असलेल्यांचे प्रमाण याच अवधीत ७.८ वरून ५.४ वर आले. महाराष्ट्रात उलटे दिसते. लग्नाचा आकडा २६.३ वरून २१.९ वर चांगला उतरला, पण मातृत्वाचा ८.३ वरून ७.६ वरच थांबला. याची कारणे एक नसतील, आणि आकड्यांवरून छाती ठोकून बोलणे माझे काम नव्हे. एवढे मात्र खरे की लग्न आणि पहिले मूल या दोन गोष्टी एकमेकींना शिवलेल्या नाहीत. त्यांच्यात जागा करता येते. दुसरे असे की दूधगंगेच्या पुलावरून पलीकडच्यांकडे पाहून नाक मुरडण्याचा अधिकार या बाबतीत तरी आम्हा कोल्हापूरकरांना नाही.

पुलाचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९३० साली म्हैसूर संस्थानच्या सरकारने आपल्या इस्पितळांत संततिनियमनाची केंद्रे उघडण्याचा हुकूम काढला. सरकारने असे केंद्र उघडण्याची जगातली ती पहिलीच वेळ, असे सांगितले जाते. बेळगाव आणि निपाणी तेव्हा मुंबई इलाख्यात होती. मुंबईत १९२१ पासून र. धों. कर्वे एकटे हे काम करीत होते. त्यापायी विल्सन कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गेली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड चुकला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात आंबेडकरांच्या पक्षाने मुंबईच्या विधिमंडळात ठराव आणला की, संततिनियमनाची साधने लोकांना सरकारने उपलब्ध करून द्यावीत. रोहम यांनी तो मांडला. बाजूने ११ मते पडली, विरुद्ध ५२. तो ठराव संमत होता तर ही व्यवस्था निपाणीपर्यंतही यावयाची होती. पुढे १९५६ साली हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, आणि आम्ही त्यावर आजतागायत भांडतो आहोत. भांडण न्याय्य आहे, असे माझेही मत आहे. २००४ पासून ते सर्वोच्च न्यायालयात आहे. परंतु आरोग्य केंद्राचा फलक कोणत्या भाषेत असावा यावर मोर्चा काढणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारले असेल की, त्या फलकाखालून आत जाणाऱ्या मुलीला कोणी न पाहता परत येता येते का?

घरातली एक गोष्ट सांगतो. माझे वडील करवीर दरबारचे गवई. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते ऐन पंचविशीत होते. मी त्यांचे शेंडेफळ. ते गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली. बंदिशींच्या वह्यांच्या तळाशी ‘समाजस्वास्थ्या’चे दोन अंक सापडले, दोन्ही १९५३ सालचे. वर कोऱ्या कागदाचे वेष्टन, आणि त्यावर वडिलांच्या अक्षरात रागाचे नाव, कोणी उघडू नये म्हणून. त्याच वर्षी माझी आई सोळाव्या वर्षी प्रथम बाळंत झाली होती. ते मूल तीन दिवस जगले. आई त्याविषयी “पहिला गेला” एवढेच म्हणत असे. अंक वाचून वडिलांनी काय केले हे मला ठाऊक नाही. आम्हा जगलेल्या भावंडांत मात्र दर दोघांमध्ये चार-पाच वर्षांचे अंतर आहे. ज्या गृहस्थाने दरबारात मान खाली घालून कधी तान घेतली नाही, त्याला हे एक मासिक लपवावे लागले. आज सत्तर वर्षांनी निपाणीजवळच्या खेड्यात गोळ्यांचे पाकीट लपविण्याची सोयसुद्धा त्या मुलीला मिळाली नाही.

आता नेहमीचा आक्षेप. साधने सहज मिळू लागली की पोरे-पोरी मोकाट सुटतील. कर्व्यांना हेच ऐकावे लागले, आणि ज्या घरांत हे म्हटले जाते त्या घरांचा मला आदर आहे, कारण मी अशाच घरात वाढलो. पण ज्या मुलींविषयी आपण बोलतो आहोत त्यांच्या गळ्यात बहुतेक वेळा आपणच मंगळसूत्र घातलेले असते. आपल्या देशात अल्पवयीन मातृत्व मुख्यत्वे लग्नातले आहे. मोकाट कोण सुटले? अक्षता टाकणारे आपण आणि मोकाटपणाची भीती घालणारेही आपणच, हे काही ठीक नाही.

लग्नाबाहेरच्या थोड्या मुली राहतात. त्यांच्यासाठी विलायतेचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तेथे १९७४ पासून संततिनियमनाची साधने राष्ट्रीय आरोग्यसेवेत सर्वांना फुकट आहेत. तरीही नव्वदीच्या दशकात पश्चिम युरोपात कोवळ्या वयातील मातृत्वाचे सर्वांत मोठे प्रमाण त्यांच्याकडेच होते. नुसत्या फुकटपणाने भागले नाही. मग १९९९ मध्ये सरकारने दहा वर्षांची योजना आखली. शाळेत सरळ शब्दांत शिक्षण, मुलांना एकट्याने जाता येतील असे दवाखाने आणि तेथे बोललेले बाहेर जाणार नाही याची हमी. पंधरा ते सतरा वयाच्या मुलींत गर्भधारणेचे प्रमाण १९९८ साली हजारी सुमारे ४७ होते, २०१४ साली ते सुमारे २३ वर आले. अमेरिकेत कोलोरॅडो संस्थानाने २००९ पासून तरुण मुलींना तांबीसारखी दीर्घकाळ टिकणारी साधने फुकट वा नाममात्र दरात दिली, तेव्हा पाच-सहा वर्षांत तेथील कुमारीमातांचे प्रमाण जवळजवळ निम्मे झाले. ते प्रमाण सगळ्या अमेरिकेतच उतरत होते, हे खरे. मोकाटपणाचा पूर काही आला नाही.

हमीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच आपल्याकडे अडचणीत आहे. २०१२ च्या कायद्याने अठराच्या आतील मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा ठरला, आणि ज्याला तो कळला त्याने पोलिसांना सांगणे बंधनकारक झाले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन पत्नीच्या बाबतीतील नवऱ्याची सूटही काढून टाकली. कर्नाटकाने तर आपल्यापुरती दुरुस्ती करून बालविवाह मुळातच रद्दबातल ठरविला आहे. पुलाच्या अलीकडे कागलात तोच विवाह मुलीने न्यायालयात अर्ज केला तरच रद्द होतो. हे कायदे मुलीच्या रक्षणाचेच आहेत, ते सैल व्हावेत असे मी म्हणत नाही. परंतु त्यांचा धाक नको त्या दारापाशी उभा राहिला आहे. लग्न लावणारे भटजी, आचारी, मंडपवाले निर्धास्त असतात. दवाखान्याची पायरी चढताना मुलगी थरथरते, कारण तेथे वय विचारतात. मग कोणी वय वाढवून सांगते, कोणी पाचवा महिना लागेपर्यंत नाव नोंदवीत नाही. लग्न पुलाच्या एका बाजूला, सासर दुसऱ्या बाजूला आणि पहिले बाळंतपण रिवाजाप्रमाणे पुन्हा माहेरी. एवढ्या ये-जा मध्ये तिची विचारपूस नेमकी कोणाच्या वहीत असावयाची? गर्भपाताच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात, अल्पवयीन मुलीची इच्छा असल्यास डॉक्टरांनी पोलिसांना तिचे नाव उघड करू नये, अशी वाट काढून दिली. गर्भ राहिल्यानंतर मिळणारी ही मुभा गर्भ राहू नये म्हणून आलेल्या मुलीला का मिळू नये, हे कायदेपंडितांनी सांगावे.

सक्तीचे मात्र मी नाव काढणार नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत केले आणि त्याबरोबर सक्तीचेही केले. मोफत म्हटल्याने पोरे शाळेत येत नाहीत हे त्यांनी ओळखले होते. पण शाळा आणि शरीर यांत फरक आहे. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिले. त्या वर्षांतल्या धाकाने लोकांच्या मनात जो संशय बसला, तो आजही आशाताईंना दारोदार भोवतो.

सक्ती नको, तर मग काय? दोन्ही सरकारांनी २०१४ च्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलामुलींसाठी वेगळे दवाखाने ठेवले आहेत. कर्नाटकात त्यांना ‘स्नेहा’ म्हणतात, आपल्याकडे ‘मैत्री’. नावे गोड आहेत. आपल्या ओळखीच्या किती मुलींना ती ठाऊक आहेत, ते आज रात्री जेवताना घरात विचारून पाहावे. मी वर्गात विचारले. एकोणीस मुलींपैकी एकीला ठाऊक होते, तेही तिची मावशी नर्स म्हणून.

आपल्या घरांतून मकरसंक्रांतीला हळदीकुंकू होते. रथसप्तमीपर्यंत बायका घरोघर जातात, नव्या सुना हटकून येतात. स्टीलच्या वाट्या आणि प्लास्टिकचे डबे वाण म्हणून लुटून झाले. यंदा आमच्या घरच्या हळदीकुंकवाला पत्नीने एका निवृत्त नर्सबाईंना बोलावले. कागलहून, निपाणीहून माझ्या शिष्यांच्या आया आल्या होत्या. पुरुषांना अर्थातच बाहेर काढण्यात आले, मी पलीकडच्या खोलीत तंबोरा जुळवीत बसलो. पहिली वीस मिनिटे तिळगूळ आणि हसण्याखेरीज काही ऐकू आले नाही. मग एकदम शांतता झाली, आणि एका प्रौढ बाईचा आवाज आला, “आमाला कुनी सांगितलंच न्हाई हे.” पुढे कितीतरी वेळ त्या एकट्याच बोलत होत्या. कोण होत्या ते मी विचारले नाही.

ती मुलगी रविवारी येते. मूल तंबोऱ्यांच्या गवसणीवर निजवते आणि गाते. षड्ज आता नऊ मात्रांपर्यंत आला आहे. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. तिची धाकटी बहीण, वय चौदा, याच वर्गात आहे. तिचाही आवाज तसाच, कदाचित अधिक गोल. गेल्या महिन्यात त्यांची आई परीक्षेचा अर्ज घेऊन आली आणि दारातच उभी राहून विचारू लागली, “विशारद व्हायला आनि किती वर्सं लागतील, सर?” मी हिशेब करून निदान पाच सांगितली. तिने बोटांवर मोजले, एकोणीस. मग फी टेबलावर ठेवली आणि पावती मागितली.